सायकल पट्टी ठेवायची की काढायची: आधी टेप लावा, मग बोला

वर्दळीच्या रस्त्यावरच्या सायकल पट्टीचा विषय निघाला की बेळगावात दोन वाक्यं हमखास कानावर येतात. "आता सायकल चालवतंय कोण?" आणि "पट्टी काढली की ट्रॅफिक सुटतंय." दोन्ही वाक्यं एखाद्या रस्त्यावर खरी ठरतील, शेजारच्या रस्त्यावर साफ खोटी. बैठकीत मात्र ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं, कारण मोजून कोणीच आलेलं नसतं. सहा माणसं, एक तीस मीटरची टेप, खडू, पाट्या-कागद आणि तीन दिवस एवढ्या भांडवलावर कुठल्याही रस्त्याचा हिशेब मांडता येतो. हा हिशेब पट्टी वाचवायला उपयोगी पडतो, तसाच नको तिथली पट्टी काढा म्हणायलाही.

रस्ता कोणाचा, ते आधी

अर्ज चुकीच्या दारात टाकला की तीन महिने तिथेच जातात. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे. पण कॅम्पातले कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडे किंवा राष्ट्रीय महामार्गाकडे, नव्या वसाहतींतले काही अजून बुडाकडेच (बेळगाव नगरविकास प्राधिकरण). स्मार्ट सिटीच्या पैशातून झालेलं काम पुढे देखभालीसाठी कोणाच्या ताब्यात गेलं, हेही विचारून घ्यावं लागतं. विजेचे खांब आणि डीपी हेस्कॉम या वीज कंपनीचे. पार्किंग कुठे चालेल आणि कुठे नाही, हे महापालिकेचं मत घेऊन अधिसूचनेने ठरतं आणि अंमल रहदारी पोलिसांचा. म्हणजे पट्टीवर उभ्या मोटारीची तक्रार अभियंत्याकडे नेऊन उपयोग नाही, आणि खचलेल्या पेव्हरची पोलिसांकडे नेऊन नाही.

माहिती अधिकारात मागायचे कागद चार: मंजूर आडवा छेद (रस्त्याच्या रुंदीत कशाला किती जागा दिली तो नकाशा), कामाच्या मोजमाप पुस्तकाची संबंधित पानं, निविदेतला देखभालीचा काळ, आणि पट्टी आखण्याआधी किंवा काढण्याआधी वाहनमोजणी झाली असल्यास तिची प्रत. कर्नाटकच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत बसवावा लागतो. म्हणून चारही गोष्टी एकाच अर्जात कोंबू नका, वेगवेगळे अर्ज करा. फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर सोयीची. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

भाषेचा मुद्दा इथे टाळता येत नाही. मराठीत कागद मिळावेत ही सीमाभागातली मागणी जुनी आहे आणि ती तिच्या जागी रास्त आहे. पण सायकल पट्टीच्या निवेदनाला सोबत कन्नड प्रत जोडाच. टेबलावरचा कारकून आणि साइटवरचा अभियंता, दोघांनाही वाचता आलं पाहिजे. नाहीतर "भाषांतरासाठी प्रलंबित" या शेऱ्याखाली फाईल झोपते. तक्ते आकड्यांचे ठेवा, शीर्षकं दोन्ही भाषांत. कन्नडमध्ये शब्द "सायकल पथ" आहे, म्हणजे अडायचं कारण नाही.

रुंदीचा हिशेब

सकाळी सहाच्या आत टेप घेऊन जा, त्यानंतर टेप आडवी धरता येत नाही. कंपाउंडपासून समोरच्या कंपाउंडपर्यंतची रुंदी मोजा आणि ती दर ५० मीटरवर पुन्हा मोजा. रस्ता कागदावर एकसारखा असतो, जमिनीवर कुठे डीपी पुढे आलेली असते, कुठे पायऱ्या.

चालत्या सायकलचं हँडल साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर. डुलत जाण्याची जागा धरून एका सायकलला १ मीटर. मागे दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या असल्या तर तेवढ्यात भागत नाही. एकाने दुसऱ्याला ओलांडायचं तर २ मीटर हवेत. फुटपाथ किमान १.८ मीटर मोकळा. मोटारींची पट्टी साडेतीन मीटरचीच हवी असं सांगितलं जातं, पण शहरात ३ ते ३.२५ मीटर पुरते. बस किंवा ट्रकची कायद्याने कमाल रुंदी २.६ मीटर आहे आणि पट्टी अरुंद झाली की वेगही आपसूक उतरतो.

२४ मीटरचा रस्ता घ्या. दोन फुटपाथ ३.६, दोन सायकल पट्ट्या ४, पट्टी आणि मोटारी यांच्यामधली अर्ध्या अर्ध्या मीटरची फट मिळून १. उरले १५.४. मधला डिव्हायडर १.२, चार पट्ट्या ३.१ च्या म्हणजे १२.४. उरले १.८ मीटर, त्यात एका बाजूला तिरक्या लावलेल्या दुचाकी बसतात. म्हणजे इथे सायकल पट्टीमुळे मोटारींची एकही पट्टी गेलेली नाही, गेलं आहे ते चारचाकींचं फुकट पार्किंग. भांडण नेमकं कशावरून आहे, ते टेपच सांगते.

१८ मीटरवर हेच करायला जा: फुटपाथ, सायकल आणि फट मिळून ८.६ गेले, उरले ९.४. चार पट्ट्या बसत नाहीत, हे मान्य करून बोला. दोन रुंद पट्ट्या आणि वळणाजवळ तिसरी, एवढंच जमतं. चारही हव्या असतील तर सायकलला जागा नाही. बारा मीटरच्या आतल्या रस्त्यावर वेगळी पट्टी मागू नये. गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली इथे सगळंच चालण्याच्या वेगाने सरकतं. तिथे रंग मारून पट्टी आखणं म्हणजे फेरीवाल्याला चौकट आखून देणं.

पट्टी खरोखर लागते ती वेग असलेल्या रस्त्यावर. वेग मोजायला यंत्र लागत नाही. कडेला खडूने ५० मीटरच्या दोन खुणा करा, एकाने हात खाली करायचा, दुसऱ्याने मोबाइलच्या घड्याळावर वेळ घ्यायची. ६ सेकंद म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ४.५ म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०. वर्दळ नसलेल्या वेळेतली पन्नास वाहनं पुरेत. तिशीच्या आत सगळी असतील तर सायकल त्यांच्यात मिसळून जाऊ शकते. पन्नाशीच्या वाहनाच्या धडकेत तिशीच्या जवळजवळ पावणेतीनपट ऊर्जा असते, तिथे मध्ये काहीतरी घट्ट उभं पाहिजे. नुसता पांढरा पट्टा नाही.

सायकली मोजताना

"कोणी वापरत नाही" हे वाक्य बहुधा सकाळी अकराला मोटारीच्या काचेतून बघून बोललेलं असतं. उद्यमबाग, मच्छेकडे कामाला जाणारी सायकल त्याआधीच पोचलेली असते. शाळेची आणि ट्यूशनची सायकल त्याच्या अलीकडे-पलीकडे. कर्नाटकात २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सरकारी सायकली वाटल्या गेल्या, त्यामुळे आसपासच्या गावांतून शहराच्या कडेपर्यंत येणारी मुलं हा हिशेबातला मोठा भाग. वेळ ठरवताना हे धरा: सकाळी ६.३० ते १०, दुपारी ४ ते रात्री ८.

दिवस तीन: दोन कामाचे, एक बाजाराचा. सुट्ट्यांचा मे, गणपतीचे दिवस, हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त आणि धो-धो पाऊस यांत मोजलेलं कोणी मानत नाही, आणि मानूही नये. प्रत्येक दिशेला दोन माणसं. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. रकाने पुढचे:

- पट्टीतून जाणारी सायकल
- पट्टी असून बाहेरून जाणारी सायकल
- उलट दिशेने येणारी सायकल
- पट्टीत शिरलेली दुचाकी
- यांपैकी शाळकरी, बाई, माल लादलेली सायकल (वेगळी खूण)

दुसरा रकाना सर्वांत बोलका. सायकली आहेत पण पट्टीत नाहीत, म्हणजे मागणी आहे आणि पट्टी नासकी आहे. अशा ठिकाणी त्या शंभर मीटरात चालत जाऊन कारण शोधा. निम्म्या वेळा ते दहा पावलांत सापडतं. उलट दिशेने येणारे बरेच असतील तर समोरच्या बाजूला जायला डिव्हायडरमध्ये वाट जवळ नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना शिस्त शिकवण्यापेक्षा ओलांडायची जागा मागा.

वाहनांबरोबर माणसंही मोजा. वाहतुकीच्या तक्त्यात प्रत्येक वाहनाला मोटारीच्या पटीत भार दिलेला असतो: मोटार १, सायकल ०.४ ते ०.५, बस २.२ ते ३.७. रस्त्याची जागा किती व्यापली ते यावरून कळतं, माणसं किती गेली ते कळत नाही. चाळीस माणसांची बस आणि एकटा माणूस बसलेल्या तीन मोटारी या हिशेबात जवळपास सारख्याच दिसतात. केंद्राच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाचा पायाच वाहनांऐवजी माणसं हलवणं हा आहे, म्हणून पंधरा मिनिटांत त्या रेषेवरून किती डोकी गेली हा रकाना धोरणाला धरूनच आहे. निवेदनात तसं लिहा.

पार्किंगची मोजणी, जिच्यावर सगळं ठरतं

पट्टीला खरा विरोध कडेच्या दुकानांचा असतो आणि तो वेडगळ नसतो. "आमचं गिऱ्हाईक गाडीवरनं येतंय, सायकलवरनं सोनं घ्यायला कोण येतंय?" याला पर्यावरणाचं व्याख्यान हे उत्तर नव्हे. गिऱ्हाइकाच्या गाडीला तिथे खरंच जागा मिळते का, हे मोजून दाखवणं हे उत्तर.

रस्त्याच्या एका बाजूचा शंभर मीटरचा तुकडा घ्या. समांतर उभ्या मोटारीला पुढे-मागे धरून ६ मीटर लागतात, म्हणजे सोळा जागा. कडेच्या दगडावर खडूने १ ते १६ आकडे घाला. सकाळी साडेनवापासून रात्री साडेआठपर्यंत दर अर्ध्या तासाला एक फेरी, एकूण २३. प्रत्येक जागेसमोर उभ्या गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायचे. आधीच्या फेरीतलीच गाडी असेल तर नुसती टिक. पूर्ण नंबर, फोटो, मालकाचं नाव यातलं काही नको. गरज नाही आणि भांडण मात्र पेटतं.

रात्री कागदावर आडवी बेरीज करा. एक-दोन फेऱ्यांत गेलेली गाडी गिऱ्हाइकाची. सहापेक्षा जास्त फेऱ्या, म्हणजे तीन तासांहून अधिक टिकलेली गाडी मालकाची, नोकराची, वरच्या मजल्यावरच्या ऑफिसची किंवा गल्लीत जागा नाही म्हणून इथे आणून लावलेली. आता हिशेब सोपा: आठ तास उभी एक मोटार अर्ध्या अर्ध्या तासाच्या सोळा गिऱ्हाइकांची जागा खाते. सोळापैकी नऊ जागा अशा अडलेल्या निघाल्या, तर दुकानदाराचा शत्रू कोण हे त्याला त्याच्याच दारातल्या आकड्यांनी कळतं.

हा कागद घेऊन आधी दुकानांत जा, महापालिकेत नंतर. तडजोडीला जागा असते. पट्टीच्या बाहेर, वर दाखवलेल्या १.८ मीटरमध्ये दुचाकी; एका मोटारीच्या जागेत पाच-सहा बसतात. आडव्या गल्लीच्या तोंडाला टेम्पोसाठी खुणा केलेली एक जागा, सकाळी नऊच्या आत माल उतरवायला. रिक्षा स्टँड पट्टीवर असेल तर त्याला आधी दुसरी जागा. नुसतं हटवलं तर चौथ्या दिवशी परत तिथेच. एक गोष्ट मात्र सैल सोडू नका: "फक्त दहा मिनिटं" या पाटीखाली पट्टीवर उभी मोटार खपवून घ्यायची नाही. एक मोटार उभी राहिली की तेवढ्यापुरती पट्टी संपते, आणि सायकलस्वार नेमका चालत्या बसच्या पुढ्यात बाहेर येतो.

पट्टी का नासते

पट्टी मांडणीत चुकते ती बहुतेक याच ठिकाणी.

जाळी. गटाराच्या चेंबरवरच्या जाळीचे गज रस्त्याच्या दिशेला समांतर असले की चाक अडकतं. आपल्याकडच्या साध्या २८ इंची सायकलचा टायर जेमतेम ३८ मिलिमीटर, गियरवाल्यांचे त्याहून बारीक. गजांमधल्या फटीवर दहाचं नाणं आडवं ठेवा. ते २७ मिलिमीटरचं असतं. खाली पडलं तर बारीक टायरही पडणार. मागणी साधी: गज आडवे करा. जाळी उचलून काटकोनात फिरवून बसत असेल तर खर्च शून्य. चौकोनी जाळ्या बसतात, लांबट बसत नाहीत.

पेव्हर. पाइप किंवा केबल टाकायला खणलं, माती एका दमात भरली, थरांनी दाबली नाही, वर पेव्हर परत रचले. पहिल्या मोठ्या पावसात तो पट्टा खचतो आणि खणलेल्या चराचा नकाशा वर उमटतो. गवंड्याची तीन मीटरची सरळ पट्टी आडवी ठेवा. खाली बोट सहज जाऊ लागलं तर फोटो काढा, बाजूला टेप दिसली पाहिजे. मोटारी चढणाऱ्या जागी ६० ऐवजी ८० मिलिमीटरचे पेव्हर लागतात. बंगल्यांच्या फाटकांसमोर पातळ घातलेले असतात आणि तिथेच फुटतात. सायकलला खरं तर पेव्हरपेक्षा साधं डांबर किंवा काँक्रीट बरं. पेव्हर घालण्याचा हट्ट कोणाचा असतो, ते निविदा बघून कळतं.

उतार. फाटकागणिक पट्टी खाली-वर होत असेल तर तिच्यावर कोणी जाणार नाही. पट्टी सपाट ठेवून मोटारीने चढावं, हा नियम. चौकाशी १५० मिलिमीटरच्या कडेला नुसता काँक्रीटचा गोळा लावून केलेला रॅम्प पाठ मोडतो. १२ ला १ असा उतार हवा.

खांब. मोटारी थांबवायला बोलार्ड लावतात. मधलं अंतर १.२ मीटर ठेवलं तर लहान मोटारही आत येत नाही आणि व्हीलचेअर जाते. पण स्कूटर आणि सायकल जवळपास एकाच रुंदीच्या. सायकल जाईल आणि स्कूटर अडेल असा खांब अजून निघालेला नाही. तिथे पोलीसच लागतो: २०१७ च्या मोटार वाहन ड्रायव्हिंग नियमावलीत फुटपाथ आणि सायकल ट्रॅकवर मोटार वाहन नेण्याला मनाई आहे. बोलार्ड सॉकेटमधून काढता येणारे मागा. गणपतीत मांडव पट्टीवर येणारच. खांब कापून काढले तर विसर्जनानंतर नुसते बुंधे उरतात आणि पुढची वर्षभर लोक त्यांना अडखळतात.

बसथांबा. थांबा कडेला आणि पट्टी त्याच्यासमोरून, ही मांडणी म्हणजे दर पाच मिनिटांनी बस पट्टीत. जागा असेल तर पट्टी शेडच्या मागून घ्या.

आणि चौक. पट्टी चौकाच्या वीस मीटर अलीकडे संपते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते, म्हणजे सोप्या जागी संरक्षण आणि अवघड जागी "देव तुझं भलं करो". गोगटे सर्कल किंवा चन्नम्मा सर्कलसारख्या ठिकाणी डावीकडे वळणारा टेम्पो सरळ जाणाऱ्या सायकलला दाबतो. चौकात थांबरेषा सायकलसाठी तीन-चार मीटर पुढे आणि डाव्या वळणाचा कोपरा आवळून घेतलेला, एवढं तरी मागाच. फक्त एकच मागणी करायची वेळ आली, तर शंभर मीटर रंगापेक्षा एक चौक मागा.

बैठकीत

महापालिकेत ५८ प्रभाग आहेत, तुमचा रस्ता दोन-तीन प्रभागांतून जात असेल तर सगळ्या नगरसेवकांना आधी भेटा. सभेत द्यायचा कागद दोन पानांचा: एक आडवा छेद मापांसह, एक सायकलींचा तक्ता, एक पार्किंगचा, सहा फोटो. आवक शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका.

दुसरीकडच्या शहरांचे दाखले जपून द्या. बंगळूरच्या आउटर रिंग रोडवर २०२० मध्ये तात्पुरत्या खांबांची सायकल पट्टी आखली होती, ती टिकली नाही. विरोधक ते सांगतीलच, म्हणून तुम्हीच आधी सांगा आणि प्लास्टिकचे खांब वाहनांच्या धक्क्यापुढे तग धरत नाहीत हा धडा त्यातून काढा. "काढली की ट्रॅफिक सुटतंय" याला दाखला कॅनडाचा आहे. ओंटारिओ सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा करून टोरांटोतल्या ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरच्या पट्ट्या काढायचं ठरवलं. जुलै २०२५ मध्ये तिथल्या सुपीरियर कोर्टाने ते घटनाबाह्य ठरवलं. पट्ट्या काढल्याने कोंडी कमी होईल असं पुराव्यातून दिसत नाही, असं त्यात म्हटलं. दाखला म्हणून एवढं पुरे, त्यापुढे आपल्या रस्त्याचे आकडेच चालतात.

पट्टी काढण्याचा ठराव समोर आलाच, तर "आधी तीन महिने चाचणी" मागा: पट्टीवरचं पार्किंग बंद, जाळ्या फिरवलेल्या, एक चौक नीट केलेला, मग पुन्हा तीच मोजणी त्याच वेळी. मोजणी महापालिकेने केली तर तुमचे लोक शेजारी उभे करा.

आणि काही पट्ट्यांसाठी भांडू नका. मोकळी रुंदी १.२ मीटरच्या खाली, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडणारी मोटारीची दारं, मध्ये डीपीचे दोन खांब. दार उघडलं की जवळजवळ मीटरभर जागा तेच घेतं. अशी पट्टी सायकलस्वाराला रस्त्यावरपेक्षा जास्त धोक्यात घालते. ती जागा फुटपाथला द्या म्हणा आणि बदल्यात त्या रस्त्यावर तिशीचा वेग मागा, गतिरोधकांसकट. नासकी पट्टी हट्टाने धरून ठेवली की पुढच्या रस्त्याच्या वेळी तिचाच फोटो तुमच्यासमोर नाचवला जातो.

जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेला की त्याच दिवशी पूर्ण लांबी चालून या. पाणी कुठे तुंबलं, कुठला पेव्हर हलतो, कुठल्या जाळीत कचरा अडकला, ते दर ५० मीटरच्या खुणेसह लिहा आणि निविदेतला देखभालीचा काळ संपायच्या आत द्या. तोवर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने होते. एकदा तारीख उलटली की त्याच खड्ड्यासाठी नवं अंदाजपत्रक लागतं.